झाकलेलं खडप

६ जानेवारी २००८, रविवार

पंख्याने घात केला! वाचनालयाच्या हॉलमध्ये उकडतंय म्हणून रियाने बटण दाबलं आणि अर्धा समुद्र उघडा पडला. दोन दिवस बसून काळ्या कागदाचे साठ चौकोन कापले होते. मचवा जिथे पोचेल तिथलाच चौकोन उचलायचा, बाकी सगळं झाकलेलं. एका झुळकीत निम्मे चौकोन बाकांखाली!

"ताय, हरवलेला गलबत हय आसा!" लविना ओरडली. संपला खेळ.

हा खेळ लविनाच्या भावाने, प्रिन्सने आणला. तो मोठ्या बोटीवर किचनमध्ये आहे, नाताळच्या सुट्टीवर आलाय. पट आहे, पण सोंगट्यांची शर्यत नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं, आणि ते जमतं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगणार. आमच्या गोष्टीत दोनशे वर्षांपूर्वीचा मचवा आहे. रिया मचव्याची तांडेल, म्हणजे कप्तान, लविना तिची खलाशी, आणखी दोघी. सांगणारी मी.

चौघी नववी-दहावीच्या. रविवारी एरवी वाचनालयाकडे फिरकत नसत, आता नवाच्या आधी दारात उभ्या असतात. समोरासमोर बसून वाद घालतात, कारणं देतात. वर्गात ह्याच मुली मान वर करत नाहीत! म्हणून हे थांबवायचं नाही. कागद नाही तर दुसरं काहीतरी.

९ जानेवारी

प्रिन्स आपला जुना लॅपटॉप घेऊन आला. त्यात नकाशा झाकण्याचा प्रोग्रॅमच आहे! नकाशा टाकायचा, त्यावर काळा थर पसरायचा. मचवा सरकला की माउसने तेवढाच थर पुसायचा. एका खिडकीत मला सगळं दिसतं, माझ्या टिपांसकट. दुसऱ्या खिडकीत खेळणाऱ्यांना फक्त पुसलेलं.

प्रोजेक्टर आमच्या संगणक वर्गाच्या सरांकडून रविवारपुरता मिळेल. प्रिन्सने दहादा बजावलं – प्रोजेक्टर जोडला की आधी सेटिंगमध्ये 'दोन वेगळे पडदे' निवड. नाहीतर तो तुझाच पडदा जसाच्या तसा भिंतीवर फेकणार.

"इसारलंस तर मेलंस," म्हणाला.

"माका बीए करताना एवढा कोणी शिकवक नाय," मी म्हटलं.

१३ जानेवारी, रविवार

खिडक्यांवर ताडपत्री. भिंतभर काळं. मग मचव्याभोवती बोटभर समुद्र उजळला! लविना उठून भिंतीपाशी गेली आणि काळ्यावर हात ठेवून उभी राहिली.

पुढे मात्र फजिती. मी मनाने एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, काढलं होतं, मचवा आपटायला. रिया हसायलाच लागली. "ताय, हय खयचा खडप? हय रेती आसा. माझो बापूस हय जाळी टाकता."

तिचा बाप म्हणजे बाबू. आमच्या बाबांच्या होडीशेजारीच त्याची होडी लागते, आणि दोघांचं वीस वर्षांत 'खंय चललंस?' ह्यापलीकडे बोलणं नाही.

रियाचं खरं होतं. आमच्याच गावात, देवबागेत, खोटा समुद्र दाखवते मी! ह्या मुली रोज मासळी हाताळतात, पण होडीत कधी कोणी घेतलं नाही. मलाही नाही. बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही – का, ते कोणी सांगत नाही. मग निदान भिंतीवर तरी खरा दर्या दिसू दे. बाबांना विचारायचं. ठरलं.

१५ जानेवारी

विचारलं. बाबा जाळं विणत होते. "कशाक व्हया?"

खेळासाठी म्हटल्यावर आई आतून, "पोरग्याक कधी सांगलंत नाय, आता चेडवाक सांगतास?"

माझा भाऊ निकेत गोव्याला हॉटेलात आहे. त्याला समुद्र लागतो – होडीत बसला की उलट्या. त्याने कधी विचारलंही नाही.

बाबांनी गाठ मारली, दात लावून दोरा तोडला आणि म्हणाले, "कागद हाड."

१८ जानेवारी

चार दिवस रोज संध्याकाळी तासभर. काय काय आहे बाबांच्या डोक्यात! संगमाच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठल्या महिन्यात कुठे सरकतो. कुठे आठ वाव खोल पाणी, कुठे एकदम पंधरा. कुठे जाळं अडकतं, कुठे तळाला चिखल.

आणि खुणा. समुद्रात पाटी लावता येत नाही, म्हणून जमिनीकडे बघायचं. चॅपेलवरचा खुरीस – क्रूस – आणि त्यामागचा वाकडा माड एका रेषेत आले, ही एक रेष. दुसऱ्या बाजूला डोंगराची खांद आणि दीपगृह एका रेषेत, ही दुसरी. दोन्ही एकमेकींना छेदतात तिथे होडी उभी करायची. खाली खडप.

"माड पडलो तर?"

"दुसरो माड बघूचो."

शाळेत भूमितीत माझे पूर्ण गुण होते. बाबा चौथी. आज दोघं एकाच कागदावर ओणवे होतो.

साध्या जागा सगळ्यांनाच ठाऊक असतात. पण प्रत्येक घराचं एक खडप असतं, हमखास मासळीचं. त्याची खूण बाप मरायच्या आधी मुलाला सांगतो, तीही होडीत, कानात. तिथे गरी टाकायची तर आजूबाजूला शीड दिसता कामा नये. आमच्या खडपावर बाबा महिन्यातून तीनदा-चारदा जातात. तांबोशी, गोबरे, कधी इसवण. माझी कॉलेजची फी त्याच खडपाने भरली, असं आई म्हणते.

१९ जानेवारी

विचारलंच. "आपला खडप खंय?"

बाबा उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले, कागद जवळ ओढला आणि दोन रेषा मारल्या. मग पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाले, "हयच. पण ह्यां कोणाक दिसता नये."

"झाकून ठेवतंय. पुसूचंयच नाय."

"मशीन झाकता?"

"मशीन झाकता, बाबा. मी पण."

मान हलवली आणि जाळ्याकडे वळले.

निकेतला नाही, मला सांगितलं! उगाच हसू येत होतं दिवसभर. नकाशात ती जागा घातली, टीप लिहिली – 'आमचं खडप, उघडायचं नाही'. खेळाला गरज नव्हती खरं तर. पण नकाशा पुरा हवा होता मला.

२७ जानेवारी, रविवार

खऱ्या समुद्राचा पहिला दिवस. रियाने भरती बघून दांडा चुकवला आणि फासा न टाकताच! "हय ओहोटीक जाऊचा नसता, फासो कशाक?" माझा नियम मोडला, पण मला इतका आनंद झाला की मान्य करून टाकलं.

एकदा मचवा आमच्या खडपाच्या अगदी कडेला आला. मी गोष्टीतला वारा फिरवला.

शेवटी वाचनालयाचे अध्यक्ष भाई येऊन उभे राहिले. कॅरमवाल्यांची तक्रार गेलीये, रविवारी हॉल त्यांना हवा. भाई आमच्याच वाडीतले, पण अध्यक्ष झाले की पुस्तकी बोलतात. "हा जो काही खेळ आहे, त्याचा उपयोग काय, हे लोकांना दिसलं पाहिजे. चोवीस फेब्रुवारीला वर्धापनदिन आहे. सर्वांसमोर दाखवा. सभेला पटलं तर हॉल कायमचा तुमचा."

"दाखवते," मी म्हटलं. विचार करायला वेळ मागितलाच नाही.

२८ जानेवारी

वाडीसमोर दाखवायचं म्हणजे सगळे मच्छीमार असणार. खडपाची जागा नकाशातून काढूनच टाकावी का? पण थर आहे ना. तीन रविवार झाले, थर एकदाही फसला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

तालीम. लविना अडखळत नाही आता. चार बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, एकीच्या डोक्यावर पाटी तशीच. "गे, ता आमचा पाणी मगे?" "नाय तर काय गे, सिनेमा?"

१७ फेब्रुवारी, रविवार

प्रिन्स आज गेला, बोट कोचीनला लागलीये. लॅपटॉप लविनाकडे ठेवलाय. जाताना पुन्हा तेच – दोन वेगळे पडदे. कागदावर लिहून झाकणाला चिकटवलं मी.

२४ फेब्रुवारी, रविवार

उघडं पडलं. सगळं.

२५ फेब्रुवारी

काल लिहिता येईना. आज लिहिते, जसं झालं तसं.

हॉल भरलेला. पुढे म्हातारे, मागे बाप्ये उभे, बायका खिडकीशी. बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. सुरुवात इतकी सुरेख झाली! रियाने मचवा दांड्यातून काढला तेव्हा म्हातारे पुढे वाकून बसले. "डावीकडे घे गो! डावीकडे!" बाबूच ओरडला, मुलीला.

मग लाइट गेली. पाच मिनिटं अंधार, शिट्ट्या, हशा. मग कुणीतरी जनरेटर चालू केला. प्रोजेक्टर पुन्हा लागला, मी लॅपटॉपवरून मान वर केली आणि लोकांकडे बघून म्हणाले, "तर आता मचवा कुठे आहे बघा."

भिंतीकडे माझी पाठ होती. समोर दीडशे चेहरे. हसू एकदम थांबलं, इतकं लक्षात आलं.  मला वाटलं, रंगलाय खेळ! मी बोलत राहिले. मिनिटभर तरी बोलले असेन.

मग लविनाने माझी ओढणी ओढली. "ताय... भिंत."

वीज गेल्यावर प्रोजेक्टर पुन्हा जोडला गेला, तेव्हा सेटिंग मूळपदावर गेली होती. झाकणावरचा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. भिंतीवर माझाच पडदा. थर नाही. अख्खा समुद्र, दोन रेषा, आणि माझ्या अक्षरात – आमचं खडप, उघडायचं नाही.

टीप वाचायची गरजही नव्हती. त्या माणसांना दोन रेषा पुरतात.

मी वायर उपटली. बाबांच्या जागी रिकामी खुर्ची.

आज सकाळी किनाऱ्यावर गेले. बाबूची होडी गेलेली. आणखी तिघांच्या गेलेल्या. आमची वाळूवरच.

२६ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. रागावतही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खोलीत आले की जाळ्याचा फाटका भाग शोधतात, नसला तरी.

मी म्हटलं, "बाबा, माझी चूक." ते जाळं घेऊन ओट्यावर गेले.

आई मासे कापता कापता म्हणाली, "तुका किती वेळा सांगलंय, सगळाच लिवन ठेवूचा नसता." मग माझ्या ताटात मोठी तुकडी वाढली.

२८ फेब्रुवारी

भाईंचं पत्र. 'सभेने आपला उपक्रम एकमताने मान्य केला असून दर रविवारी सभागृह...'

एकमताने! ते चार होडीवालेसुद्धा हात वर करून बसले असतील. पत्र बाबांना दाखवलं नाही.

१ मार्च

प्रिन्सची मेल. म्हणतो, सोपं आहे – सगळ्यांना सांग की खेळातला नकाशा मनाचाच होता, खडपसुद्धा. कुणाला काय कळणार?

नाही. चुकून उघडं पडलं ते पडलं. त्यावर खोट्याचा थर चढवणार नाही मी. ज्यांनी बघितलं त्यांच्याकडेच जायचं. बाबूकाकांपासून सुरुवात. विनंती करायची – ते खडप आमच्या बाबांचं, काशीरामचं, सोडून द्या. हसतील. हसू देत.

३ मार्च

गेले. बाबूकाका वाळूत बसून गरीचा दोर गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "इलंस? ये. बस."

मी उभीच राहिले. पाठ केलेलं सगळं बोलले. शाळेत वक्तृत्वाला बोलायचे तसं. त्यांनी पुरं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खयचा खडप?"

"तुमी बघलात ता."

"बघलंय. तीन दिस गेलंव थय. चार होडये. खुरीस आणि माड एका रेषेत, खांद आणि दिवो एका रेषेत. गरी सोडलंव – रेती! हय सोडलंव – रेती! थय सोडलंव – चिखल! अठरा वाव खाली नुसतो चिखल. गोबरो सोड, खेकडो गावाक नाय."



मग ते हसायलाच लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "काशीरामान आमका फसवल्यान ता फसवल्यान! पण तुका पण, बाये?" मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. दोर खाली ठेवला. "असा मनाक लावन घेऊ नको. मी असतंय तर मी पण तसाच केलंय असतंय. माज्या रियाक मी काय खरा सांगलंय आसा काय?"

घरी येताना किनाऱ्याने आले नाही. रस्त्याने आले.

४ मार्च

बाहेर गेले होते ना ते त्या दिवशी. बऱ्याच वेळाने आले होते. तेव्हा जुळवत होते दोन खोट्या रेषा!

आठ दिवस मी मान खाली घालून वावरले. खडपाला काहीच झालं नव्हतं. आणि बाबा बोलत नव्हते ते रागाने नव्हे – बोलले असते तर हे सांगावं लागलं असतं.

सुटका वाटायला हवी. नाही वाटत. बीएचं सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा ह्याच माणसाने ते पुसून पुसून भिंतीवर लावलं होतं.

६ मार्च, महाशिवरात्र

उपास. होड्या बंद. बाबा ओट्यावर. जाऊन समोर बसले.

"बाबूकाका सांगत होते. थय रेती आसा."

बाबांनी विडी पेटवली नाही, नुसती हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलंस. शिकलेल्या माणसाक सगळ्यांका सांगूचा वाटता. ता वायट नाय. पण खडप सगळ्यांचा झाला काय संपला."

"सगळ्यांका सांगूचा वाटता, ता खरा," मी म्हटलं. "पण तुमी 'नको' म्हटल्यावर मी झाकलंय. माझ्या हातान चूक झाली. मी खोटा बोलूक नाय. खोटा तुमी बोललात."

आई दारात येऊन उभी राहिली. आमच्या घरात बाबांना असं कोणी बोललेलं नाही.

"सांगूचा नव्हता तर 'सांगणंय नाय' म्हणूचा होता," मी म्हटलं. "मी ऐकलंय असतंय. निकेत होडीत चढणा नाय. तुमच्यामागे ता खडप कोणाचा? दर्याचा? माका नको सांगा. पण कोणाक तरी खरा सांगा."

 रडले नाही मी.

बाबा उठून किनाऱ्याकडे गेले. चप्पल न घालताच.

९ मार्च, रविवार

खेळ झाला. वायर जोडल्यावर सेटिंग तीन वेळा तपासली. आणि खुणा मीच बदलल्या आहेत आता, सगळ्यांच्या – मुलींना तसं सांगितलंही. पाणी खरं, भरती-ओहोटी खरी, खडपं गोष्टीतली.

रिया म्हणाली, "मगे बरा. मगे मी खंयव जाऊ शकतंय."

सात नव्या मुली आल्या. खुर्च्या कमी पडल्या.

१२ मार्च

सकाळी बाबा म्हणाले, "चल." कुठे, ते विचारलं नाही. आई बघत राहिली. किनाऱ्यावर बाबूकाका होते, त्यांनी तोंड फिरवून होडी ढकलायला हात लावला. दर्यात पाऊण तास. बाबांनी वल्हं थांबवलं, जमिनीकडे बोट केलं, दोनदा सांगितलं. मी चारदा म्हणून दाखवलं. मग गरी सोडली आणि पहिल्याच खेपेला दोर हातातून ओढला गेला.

खूण पाठ आहे. इथे लिहीत नाही.